२०१५ मधील ग्रीक बँक समभागांची घसरण

२०१५ मधील ग्रीक बँक समभागांची घसरण ही डिसेंबर २०१४ ते डिसेंबर २०१५ या काळात अथेन्स शेअर बाजारात झालेली, ग्रीसमधील चार प्रमुख बँकांच्या समभागांची मोठी पडझड होय. नॅशनल बँक ऑफ ग्रीस, पिरेअस बँक, अल्फा बँक आणि युरोबँक या त्या चार बँका. देशातील बँकव्यवसायाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग त्यांच्याकडे होता. ग्रीस युरो चलनात राहील की नाही, याविषयीची शंका या पडझडीच्या मुळाशी होती. या काळात चारही बँका तगल्या आणि ठेवीदारांच्या मुद्दलाला कात्री लागली नाही. मात्र जुन्या भागधारकांची गुंतवणूक जवळजवळ पूर्णपणे नष्ट झाली. राष्ट्रीय अनिश्चिततेच्या काळात गुंतवणूकदारांची मनःस्थिती बँकांच्या मूल्यावर कशी परिणाम करते, हे समजण्यासाठी या घटनेचा अभ्यास केला जातो.

पार्श्वभूमी

ऑक्टोबर २००९ मध्ये सत्तेवर आलेल्या ग्रीक सरकारने देशाची अर्थसंकल्पीय तूट पूर्वी सांगितल्यापेक्षा बरीच मोठी असल्याचे जाहीर केले. त्यानंतर ग्रीसला बाजारातून कर्ज मिळणे दुरापास्त झाले. मे २०१० मध्ये युरो क्षेत्रातील देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी ११० अब्ज युरोंचे पहिले साहाय्य मंजूर केले. मार्च २०१२ मध्ये ग्रीक सरकारी रोख्यांची पुनर्रचना झाली. खाजगी धारकांकडील रोख्यांचे दर्शनी मूल्य ५३.५ टक्क्यांनी कमी करण्यात आले.

या रोख्यांचा मोठा साठा ग्रीक बँकांकडेच होता. पुनर्रचनेत बँकांना सुमारे ३८ अब्ज युरोंचा तोटा झाला आणि त्यांचे भागभांडवल संपुष्टात आले. हा खड्डा भरण्याचे काम २०१० मध्ये स्थापन झालेल्या ग्रीक वित्तीय स्थैर्य निधीने केले. २०१३ च्या पुनर्भांडवलीकरणात या निधीने चार बँकांना सुमारे २५.५ अब्ज युरो पुरवले आणि तो त्यांचा बहुसंख्य भागधारक बनला.

२०१४ च्या पूर्वार्धात वातावरण पालटले. एप्रिलमध्ये ग्रीक सरकारने पाच वर्षे मुदतीचे रोखे बाजारात विकून ३ अब्ज युरो उभारले. मार्च ते मे या काळात चार बँकांनीही खाजगी गुंतवणूकदारांकडून एकूण सुमारे ८.३ अब्ज युरोंचे नवे भांडवल मिळवले. कॅनडातील फेअरफॅक्ससारख्या परदेशी संस्थांनी त्यात भाग घेतला. संकट सरले आणि बँकांचे समभाग स्वस्तात मिळत आहेत, असा या गुंतवणूकदारांचा अंदाज होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या तपासणीतही ग्रीक बँकांचे निकाल बहुतांशी समाधानकारक ठरले.

बँकांचे समभाग अधिक संवेदनशील असण्याची कारणे

राजकीय अनिश्चिततेत सर्वच उद्योगांचे समभाग घसरतात, परंतु बँकांचे समभाग सहसा अधिक घसरतात. त्याची चार प्रमुख कारणे ग्रीसमध्ये एकाच वेळी दिसून आली.

पहिले कारण भांडवलाच्या अल्प प्रमाणाचे. बँकेने दिलेल्या कर्जांतील बहुतेक पैसा ठेवीदारांचा असतो. एखाद्या बँकेची मालमत्ता १०० युरो आणि भांडवल १० युरो असेल, तर केवळ ५ युरोंची कर्जे बुडाल्यास भागधारकांचा निम्मा पैसा जातो आणि १० युरोंची बुडाल्यास सर्वच जातो. मालमत्तेच्या मूल्याविषयीची लहानशी शंकाही त्यामुळे समभागाच्या किमतीत मोठी होऊन उमटते.

दुसरे कारण बँक आणि राज्यसंस्था यांच्या परस्परावलंबनाचे. सरकारची पत घसरली की बँकेकडील सरकारी रोख्यांचे मूल्य घसरते. ग्रीसमध्ये हा संबंध आणखी घट्ट होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार पूर्वीच्या तोट्यांमुळे भविष्यात मिळू शकणाऱ्या करसवलती काही अटींवर सरकारकडील येणे म्हणून भांडवलात धरता येत होत्या. बँकांच्या भांडवलाचा मोठा हिस्सा अशा येण्यांचा होता. दुसऱ्या शब्दांत, अडचणीतील राज्यसंस्थेचे वचन हेच अडचणीतील बँकांचे भांडवल होते.

तिसरे कारण ठेवींच्या स्वरूपाचे. बचत व चालू खात्यांतील रक्कम ठेवीदार केव्हाही मागू शकतो. कर्जे मात्र अनेक वर्षांनी वसूल होतात. भीती पसरल्यावर ठेवी आधी जातात आणि धडधाकट बँकेलाही रोकड अपुरी पडू लागते. इतर लोक पैसे काढतील या भीतीने प्रत्येक जण पैसे काढतो, आणि त्यामुळेच ती भीती खरी ठरते.

चौथे कारण चलनाचे. ग्रीस युरोतून बाहेर पडला असता, तर ठेवी नव्या आणि कमी मूल्याच्या चलनात बदलल्या जाण्याची शक्यता होती. मार्च २०१३ मध्ये सायप्रसमधील दोन मोठ्या बँकांच्या १ लाख युरोंवरील ठेवींना तोटा सोसावा लागला होता. ती आठवण ग्रीक ठेवीदारांच्या मनात ताजी होती.

घटनाक्रम

अध्यक्षीय निवडणूक आणि सत्तांतर

ग्रीसच्या तत्कालीन राज्यघटनेनुसार संसदेला तीन फेऱ्यांत राष्ट्राध्यक्ष निवडता आला नाही, तर संसद विसर्जित करावी लागे. ८ डिसेंबर २०१४ रोजी पंतप्रधान अँटोनिस समारास यांच्या सरकारने ही निवडणूक नियोजित वेळेपूर्वीच घेण्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी अथेन्स बाजाराचा निर्देशांक सुमारे १२.८ टक्क्यांनी कोसळला. १९८७ नंतरची ती सर्वांत मोठी एकदिवसीय घसरण होती. २९ डिसेंबरच्या अखेरच्या फेरीत सरकारी उमेदवार स्टाव्ह्रोस दिमास यांना आवश्यक १८० ऐवजी १६८ मते मिळाली आणि सार्वत्रिक निवडणूक अटळ ठरली.

२५ जानेवारी २०१५ रोजी झालेल्या निवडणुकीत साहाय्याच्या अटींना विरोध करणारा सिरिझा हा डावा पक्ष ३०० पैकी १४९ जागा जिंकून सर्वांत मोठा ठरला आणि अलेक्सिस त्सिप्रास पंतप्रधान झाले. खाजगीकरण थांबवण्याविषयीची नव्या मंत्र्यांची विधाने प्रसिद्ध होताच २८ जानेवारीला बँकांच्या समभागांत एकाच दिवसात २५ टक्क्यांहून अधिक घसरण झाली. मुख्य निर्देशांक मात्र सुमारे ९ टक्क्यांनीच उतरला.

वाटाघाटींचा काळ

पुढील पाच महिने बँक समभागांची किंमत ब्रसेल्समधील बैठकांच्या बातम्यांवर हेलकावे खात राहिली. अर्थमंत्री यानिस वारूफाकिस यांनी कर्जमाफीऐवजी रोख्यांच्या अदलाबदलीचा प्रस्ताव मांडल्यावर ३ फेब्रुवारीला निर्देशांक ११ टक्क्यांहून अधिक वधारला आणि बँकांचे समभाग त्याहून अधिक वर गेले. लगेच ४ फेब्रुवारीला युरोपीय मध्यवर्ती बँकेने ग्रीक सरकारी रोखे तारण म्हणून स्वीकारण्याची सवलत काढून घेतली. त्यानंतर बँकांना रोकडीसाठी ग्रीसच्या मध्यवर्ती बँकेकडून मिळणाऱ्या, व्याजदराने महागड्या अशा आणीबाणीच्या साहाय्यावर अधिकाधिक विसंबावे लागले. या साहाय्याला युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या नियामक मंडळाची मूकसंमती आवश्यक असे, कारण मंडळ दोन तृतीयांश मतांनी ते रोखू शकत होते. त्यामुळे ग्रीक बँका सुरू राहणे हे राजकीय वाटाघाटींच्या निष्पत्तीशी जोडले गेले.

२० फेब्रुवारीच्या समझोत्याने साहाय्य कार्यक्रमाला चार महिन्यांची मुदतवाढ मिळाली. तथापि ठेवींचा ओघ बाहेर वाहतच राहिला. नोव्हेंबर २०१४ मध्ये कुटुंबे व उद्योग यांच्या ठेवी सुमारे १६४ अब्ज युरो होत्या. जून २०१५ अखेर त्या सुमारे १२२ अब्जांवर आल्या. रोकडीचा काही भाग परदेशात गेला आणि काही घरातील कपाटांत जाऊन बसला.

बँका आणि बाजार बंद

२६ जूनच्या मध्यरात्रीनंतर त्सिप्रास यांनी कर्जदात्यांच्या प्रस्तावावर सार्वमत घेण्याची घोषणा केली. २८ जूनला युरोपीय मध्यवर्ती बँकेने आणीबाणीच्या साहाय्याची मर्यादा वाढवण्यास नकार दिला. ती त्या वेळी सुमारे ८९ अब्ज युरो होती. २९ जूनपासून बँका बंद ठेवण्यात आल्या, परदेशी हस्तांतरणावर निर्बंध आले आणि एटीएममधून दिवसाला ६० युरोच काढता येऊ लागले. निवृत्तिवेतनधारकांसाठी काही शाखा उघडल्यावर त्यांच्यासमोर लांबच लांब रांगा लागल्या. अथेन्स शेअर बाजारही त्याच दिवसापासून बंद झाला. ३० जूनला ग्रीसने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा सुमारे दीड अब्ज युरोंचा हप्ता चुकवला.

५ जुलैच्या सार्वमतात ६१.३ टक्के मतदारांनी प्रस्ताव नाकारला. मात्र १२ व १३ जुलैच्या शिखर परिषदेत त्सिप्रास यांनी कठोर अटींसह तिसऱ्या साहाय्य कार्यक्रमाची चौकट मान्य केली. बँका २० जुलैला उघडल्या आणि दैनिक मर्यादेऐवजी आठवड्याला ४२० युरोंची मर्यादा लागू झाली.

बाजार पुन्हा उघडल्यानंतर

पाच आठवडे बंद राहिलेला बाजार ३ ऑगस्टला उघडला, तेव्हा निर्देशांक १६.२ टक्क्यांनी खाली आला. समभागाची किंमत एका दिवसात कमाल ३० टक्क्यांनी उतरू शकत होती. नॅशनल बँक आणि पिरेअस बँक यांचे समभाग या मर्यादेपर्यंत कोसळले. दुसऱ्या दिवशीही बँक समभागांत जवळजवळ तितकीच घसरण झाली.

युरोत राहण्याचा प्रश्न तोवर बराचसा सुटला असताना ही पडझड का झाली, हा प्रश्न स्वाभाविक आहे. बाजार बंद असताना साचलेली विक्री एकदम बाहेर आली, हे त्याचे एक कारण. देशांतर्गत गुंतवणूकदारांना बँक खात्यातील पैशाने समभाग विकत घेण्यास मनाई होती, हे दुसरे. दलालांकडे आधीच असलेली शिल्लक किंवा परदेशातून आणलेला नवा पैसा तेवढा त्यांना वापरता येत होता. सर्वांत महत्त्वाचे तिसरे कारण पुढे येऊ घातलेल्या पुनर्भांडवलीकरणाचे होते. बँका बुडतील का, या प्रश्नाची जागा आता वेगळ्या प्रश्नाने घेतली होती. बँका वाचतील तेव्हा त्यांची मालकी कोणाकडे असेल, हा तो प्रश्न होता.

२०१५ मधील पुनर्भांडवलीकरण

१९ ऑगस्ट २०१५ रोजी युरोपीय स्थैर्य यंत्रणेमार्फत ८६ अब्ज युरोंपर्यंतचा तिसरा कार्यक्रम मंजूर झाला. त्यापैकी २५ अब्ज युरोंपर्यंतची रक्कम बँकांसाठी राखून ठेवली होती. युरोपीय संघाचे नवे नियम १ जानेवारी २०१६ पासून पूर्णपणे लागू होणार होते. त्यांनुसार बँक वाचवण्यासाठी सरकारी पैसा वापरण्यापूर्वी भागधारक, रोखेधारक आणि प्रसंगी १ लाख युरोंवरील ठेवीदार यांना तोटा सोसावा लागला असता. त्यामुळे वर्ष संपण्यापूर्वी काम उरकणे निकडीचे होते.

३१ ऑक्टोबरला युरोपीय मध्यवर्ती बँकेने तपासणीचे निकाल जाहीर केले. प्रतिकूल परिस्थिती गृहीत धरल्यास चार बँकांना मिळून १४.४ अब्ज युरोंचे भांडवल कमी पडत होते. ही गरज नवे समभाग, रोख्यांचे समभागांत रूपांतर आणि सरकारी निधी यांतून भागवण्यात आली. सरकारी निधीतून केवळ सुमारे ५.४ अब्ज युरो लागले आणि ते नॅशनल बँक व पिरेअस बँक यांनाच द्यावे लागले.

नवे समभाग मात्र अत्यंत पडलेल्या भावात विकले गेले. विद्यमान भागधारकांना नवे समभाग प्रथम देऊ करण्याचा नेहमीचा हक्क रद्द करण्यात आला आणि मुख्यतः परदेशी संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून मागणी नोंदवून किंमत ठरवण्यात आली. समभागांचे एकत्रीकरण लक्षात न घेता, जुन्या समभागाच्या मापाने दोन्ही वर्षांच्या विक्रीची किंमत पुढीलप्रमाणे होती.

| बँक | २०१४ मधील विक्री किंमत (युरो) | २०१५ मधील विक्री किंमत (युरो) |
|---|---|---|
| नॅशनल बँक ऑफ ग्रीस | २.२० | ०.०२ |
| पिरेअस बँक | १.७० | ०.००३ |
| अल्फा बँक | ०.६५ | ०.०४ |
| युरोबँक | ०.३१ | ०.०१ |

उदाहरणार्थ, २०१४ मध्ये १,७०,००० युरो गुंतवून पिरेअस बँकेचे १ लाख समभाग घेतलेल्या व्यक्तीकडे, शंभर समभागांचा एक याप्रमाणे झालेल्या एकत्रीकरणानंतर, १,००० समभाग उरले. नव्या विक्रीच्या ०.३० युरो या किमतीने त्यांचे मूल्य ३०० युरो होते.

सर्वांत मोठ्या भागधारकाला, म्हणजे सरकारी निधीलाही हाच फटका बसला. त्याचा युरोबँकेतील हिस्सा सुमारे ३५ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर, तर अल्फा बँकेतील सुमारे ६६ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आला. २०१३ मध्ये सार्वजनिक कर्जातून घातलेल्या पैशाचा मोठा भाग अशा प्रकारे ग्रीक करदात्यांच्या माथी पडला.

मनःस्थितीचे तोट्यात रूपांतर

शेअर बाजारातील घसरण अनेकदा कागदी तोटा मानली जाते. भाव पुन्हा वर आला की तोटा भरून निघतो, या विश्वासाने संयमी गुंतवणूकदार समभाग धरून ठेवतात. उद्योगाला नव्या भांडवलाची गरज नसेल, तर हा विश्वास बऱ्याचदा सार्थ ठरतो. ग्रीक बँकांच्या बाबतीत तसे घडले नाही. नियामकाने ठरवलेल्या मुदतीत आणि त्या वेळच्या भावाने भांडवल उभारणे त्यांना भाग होते. १४ अब्ज युरोंची गरज चांगल्या भावात थोड्या नव्या समभागांनी भागली असती. पडलेल्या भावात त्यासाठी प्रचंड संख्येने समभाग काढावे लागले आणि जुन्या भागधारकांचा हिस्सा नाममात्र उरला. भाव पुढे वाढले तरी त्याचा लाभ प्रामुख्याने नव्या मालकांना झाला. ज्यांच्याकडे दुसऱ्यांदा पैसा घालण्याची ताकद होती, त्या फेअरफॅक्ससारख्या संस्थांना आपला हिस्सा टिकवता आला. लहान भागधारकाला, विशेषतः ज्याचा पैसा निर्बंध असलेल्या खात्यात अडकला होता त्याला, हा मार्ग बव्हंशी बंद होता.

ठेवीदारांची स्थिती वेगळी होती. ऑगस्टमधील समझोत्यात ठेवींना कात्री लावली जाणार नाही, असे युरो क्षेत्राच्या अर्थमंत्र्यांनी स्पष्ट केले होते. ठेवीदारांची गैरसोय झाली, व्यवहार खोळंबले आणि अनेक लहान व्यवसायांना परदेशी माल मागवता आला नाही. तरीही मुद्दल शाबूत राहिले. एकाच बँकेतील ठेव आणि त्याच बँकेचा समभाग यांतील जोखमीचा फरक या घटनेतून ठळक झाला.

कारणांविषयीचे मतभेद

या पडझडीला मुख्यतः राजकीय अनिश्चितता जबाबदार होती, असे एक मत आहे. २०१४ च्या तपासणीत फारशी तूट न आढळलेल्या बँकांना एका वर्षात १४.४ अब्ज युरो कमी पडले, याकडे या मताचे समर्थक लक्ष वेधतात. ठेवींची गळती, निर्बंध आणि मंदी यांमुळे कर्जफेड थांबली, असे त्यांचे म्हणणे आहे.

दुसऱ्या मतानुसार बँका आधीपासूनच दुबळ्या होत्या. २०१४ मध्येच सुमारे एक तृतीयांश कर्जे थकीत होती आणि भांडवलाचा मोठा भाग करसवलतींच्या येण्यांवर उभा होता. २०१५ च्या घटनांनी हा दुबळेपणा उघड केला, निर्माण केला नाही, असे हे मत सांगते. काही टीकाकार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या भूमिकेवरही बोट ठेवतात. रोकडीचा पुरवठा वाटाघाटींच्या प्रगतीशी जोडल्याने भीती वाढली, असा त्यांचा आक्षेप आहे. नियमांनुसार आणीबाणीचे साहाय्य केवळ सक्षम बँकांना आणि पुरेशा तारणावरच देता येते, असे त्यावरील उत्तर आहे.

ही मते परस्परांना पूर्णपणे छेद देत नाहीत. बुडीत कर्जांचे ओझे आधी नसते, तर अनिश्चिततेचा आघात सौम्य झाला असता. अनिश्चितता नसती, तर ते ओझे उतरवण्यास बँकांना अधिक अवधी मिळाला असता.

नंतरचा काळ

थकीत कर्जांचा आकडा मार्च २०१६ मध्ये सुमारे १०७ अब्ज युरोंवर पोहोचला आणि त्यानंतर हळूहळू उतरू लागला. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘हर्क्युलिस’ या सरकारी हमी योजनेमुळे अशी कर्जे एकत्र बांधून विकणे सुलभ झाले. रकमेच्या हालचालीवरील उरलेले निर्बंध १ सप्टेंबर २०१९ रोजी, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळानंतर, उठवण्यात आले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एका प्रमुख पतमानांकन संस्थेने ग्रीसच्या सरकारी रोख्यांना पुन्हा गुंतवणूकयोग्य दर्जा दिला. ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात वित्तीय स्थैर्य निधीने युरोबँक आणि अल्फा बँक यांतील आपला हिस्सा पूर्णपणे, नॅशनल बँकेतील काही अंशी, तर पिरेअस बँकेतील पूर्णपणे विकला. २०२३ च्या नफ्यातून चारही बँकांनी २०२४ मध्ये लाभांश दिला. २००८ च्या जागतिक वित्तीय संकटापासून हा लाभांश खंडित होता.